लाल नट

शीर्षक वाचून एखाद्या वाचकाला रंगभूमीवरच्या कुणा क्रांतिकारक नटाची कहाणी ऐकायला मिळणार असे वाटले असेल, तर मी आधीच माफी मागून ठेवतो. रंगभूमीशी माझा संबंध गावच्या जत्रेतल्या तमाशापलीकडे गेला नाही. माझे आयुष्य गेले ते सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला, नळदुर्गच्या पुढे, टायरच्या दुकानात. हे नट लोखंडाचे आहेत. चाकाचे आहेत. त्यांच्याविषयी मी साठ वर्षांत कुणाजवळ फारसे बोललो नाही. यंदा बोलायचे ठरवले, त्याला निमित्त झाले एका तरुण गिऱ्हाइकाचे.

गेल्या श्रावणात हा गृहस्थ दुकानी आला. लष्कराने मोडीत काढलेला, चारही चाकांना जोर असलेला एक जुना ट्रक त्याने लिलावात घेतला होता. रानातला ऊस काढायचा, उन्हाळ्यात पाण्याची टाकी वाहायची, असा त्याचा बेत. मला म्हणाला, "काका, मोठ्यात मोठे मिलिटरी टायर बघा. गाडी लांबून आली तरी लोकांनी वळून पाहिलं पाहिजे."

मी म्हटले, "बैस बाबा. सोयरीक जुळवायची तर आधी विचारपूस करावी लागते. माझे तीन प्रश्न आहेत. गाडी जाणार कुठे? ओझे किती? आणि टायर बसवणार कोण?"

पहिल्या दोन प्रश्नांवर तो हसला. तिसऱ्यावर म्हणाला, "बसवायचं काय त्यात? बसवू की आम्हीच!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर आमचा दादा बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही.

हे तीन प्रश्न माझे नव्हेत, माझ्या मामाचे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गला आले आणि बोरी नदीवरचा पूल ओलांडून हैदराबादकडे गेले. मी त्या वेळी पाळण्यात होतो. मामा ऐन विशीत. सैन्य पाहायला सारे गाव रस्त्यावर गेले होते. लोकांनी रणगाडे पाहिले, तोफा पाहिल्या. मामाने पाहिला तो रस्त्याकडेच्या चिखलात उमटलेला ट्रकच्या चाकाचा माग. आमच्या बैलगाड्या ज्या चिखलात आसापर्यंत रुतायच्या, त्यातून ही गाडी नुसता ठसा उमटवून निघून गेली होती. मामा खाली बसला आणि त्याने तो ठसा वितीने मोजला. आई म्हणायची, "तिथंच तुझ्या मामाचं डोकं फिरलं."

ते डोके १९६१ साली ठिकाणावर आले. पुण्याकडच्या एका लिलावातून मामाने महायुद्धातला एक शेव्रोलेट ट्रक घरी आणला. हा कॅनडात बांधलेला होता. त्या देशाने दुसऱ्या महायुद्धात आठ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बांधल्या. त्यांतली एक आमच्या चिंचेखाली येऊन उभी राहिली, तेव्हा सारे शिवार पाहायला लोटले. बसके नाक, सपाट तोंड, हिरवा रंग आणि माझ्या छातीपर्यंत येणारी चार काळीकभिन्न चाके. मागेसुद्धा दोन्ही बाजूंना एकेकच चाक. लोक म्हणाले, "अर्धी चाकं लिलाववाल्यानं ठेवून घेतली वाटतं!" मामा म्हणाला, "येऊ द्या पाऊस. मग सांगतो."

त्या एकेका चाकातच सारी हिकमत होती. नेहमीच्या ट्रकाला मागे जोडचाके असतात. सडकेवर ओझे वाहायला ती उत्तम. पण चिखलात पुढच्या एकेरी चाकाने पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी मावत नाही. तिला आपली वाट नव्याने कापावी लागते, आणि जोडीच्या फटीत दगड अडकला तर दोन्ही टायरांचे गाल फाटतात. मामाच्या गाडीचे मागचे चाक पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकून जाई. पुढच्याने चिखल दाबून ठेवलेला, मागच्याने नुसते चालायचे. आपल्याकडच्या सुना सासूच्या मागोमाग अशाच चालाव्यात, असे माझी आजी म्हणत असे. मामी त्यावर काही बोलत नसे.

आता पहिला प्रश्न घेऊ. गाडी जाणार कुठे?

आमचा जिल्हा आता धाराशिव म्हणून ओळखला जातो. कागदोपत्री हे नाव २०२३ साली आले, म्हाताऱ्यांच्या तोंडी ते आधीपासून होतेच. या जिल्ह्यात गावाच्या वेशीपासून मळ्यापर्यंत जाईतो जमीन तीनदा बदलते. बालाघाटाच्या माळावर मुरूम आणि काळा दगड. उतारावर तांबूस हलकी माती. खाली तेरणेच्या, बोरीच्या काठी काळे रान. उन्हाळ्यात या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात तीच माती फुगून चाकाला अशी लगडते की टायर कुठला आणि माती कुठली, ओळखू येत नाही. सडकेच्या टायरवरची नक्षी उभ्या रेघांची असते. काळ्या मातीत या रेघा दहा पावलांत बुजतात, आणि मग तो टायर म्हणजे तेल लावलेला पहिलवान.

लष्करी टायरला आडवे, जाड उंचवटे असतात. त्यांतही दोन जाती. एका जातीची नक्षी दोन्ही दिशांनी सारखीच. ती लष्कराच्या सोयीची, कारण राखीव म्हणून घेतलेले एक चाक डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूला चालते आणि मागे सरताना पकड तेवढीच राहते. माळावर, खडकावर हा टायर राजा. पण चिकट काळ्या मातीत त्याच्या खाचा भरतात आणि लवकर मोकळ्या होत नाहीत. दुसरी जात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसारखी, बाणाच्या टोकासारखी नक्षी असलेली. ती चिखल बाहेर फेकते. मात्र ती बसवताना दिशा पाहावी लागते. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले तर बाणाचे टोक वर दिसले पाहिजे. उलटा बसवलेला टायर चिखल फेकायच्या ऐवजी आत ओढतो. मग गाडीचा मालक टायरला शिव्या देतो आणि टायर बिचारा सांगू शकत नाही की मला उलटे निजवले आहे.

आणि वाळूची तऱ्हाच निराळी. नदीच्या पात्रात खोल नक्षीचा टायर जोर केला की स्वतःसाठी विहीर खणतो. तिथे हवा हवी कमी आणि पाऊल हवे रुंद. उंट कसा चालतो ते आठवावे.

मामा मात्र या साऱ्याच्या वर एक गोष्ट सांगे. "रानाला वाफसा आला का ते आधी बघ. वाफशाला पर्याय असलेला टायर अजून कुणी केला नाही."

दुसरा प्रश्न ओझ्याचा. लोक समजतात की ओझे रबर उचलते. रबर काही उचलत नाही. ओझे उचलते ती आतली हवा. रबर आणि त्यातले कापडाचे थर ही त्या हवेची नुसती पिशवी. पिशवी जितकी मोठी आणि दणकट, तितकी तीत हवा जास्त कोंडता येते. मामाच्या गाडीच्या टायरवर १०.५०-२० असे आकडे होते. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा तो ज्या डिस्कवर बसतो तिच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. आपल्याकडे पुढे ९.००-२० आणि १०.००-२० ही मापे घरोघरी झाली, पण १०.५० हे लष्करी माप बाजारात मिळेना. मागचे दोन टायर झिजले तेव्हा मामाने वेगळ्या मापाचे दोन नवे आणून मागे चढवले. गाडी चिखलातून छान निघाली, पण सडकेवर आल्यावर पुढच्या चाकांचा जोर सोडवायचा दांडा हलेना. मामा ओढतो, ड्रायव्हर ओढतो, दांडा आपला जागच्या जागी.

शेवटी आमच्या उस्तादांनी सुतळी मागवली. हे उस्ताद महायुद्धात लष्करी गाडी चालवून आलेले, आमच्या भागातलेच. बोलणे दख्खनी, पान अष्टौप्रहर तोंडात. त्यांनी पुढच्या टायरला सुतळीचा वेढा घातला, गाठ मारली. तीच सुतळी मागच्याला गुंडाळली. चार बोटे उरली. म्हणाले, "देखो. अगला पाव बडा, पिछला छोटा. दोनों एक साथ बंधे हैं. झगडा नक्को करें तो क्या करें?"

चारही चाके एकमेकांना जखडलेली असताना घेर सारखा नसेल, तर पुढचा आस आणि मागचा आस एकमेकांशी भांडत राहतात आणि ते भांडण गिअरचे दात सोसतात. तेव्हापासून आमच्या दुकानात सुतळी आहे. नवे-जुने जोडताना, वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर लावताना आम्ही आधी सुतळी लावतो. मोठा टायर घेणाऱ्याला आणखी चार गोष्टी सांगतो. घेर वाढला की गाडी सुस्त होते, ब्रेकला जास्त बळ लागते, वेगाचा काटा कमी दाखवतो, आणि वळणावर टायर पाट्यांना घासतो का ते चाक पूर्ण वळवून पाहावे लागते.

हवेचेही तसेच. भरलेल्या गाडीला सडकेवर पन्नास-साठ पौंड हवा लागत असेल, तर चिखला-वाळूत गाडी हलकी करून ती वीस-पंचवीसवर आणावी. टायर पसरतो, पाऊल मोठे होते, जमिनीवरचा भार वाटला जातो. सडकेवर आल्यावर ती पुन्हा भरावी, नाहीतर टायर तापून गालात फुटतो. महायुद्धात अमेरिकेने 'डक' नावाची पाण्यातही चालणारी गाडी केली होती. तिच्या ड्रायव्हरला जागेवर बसल्या बसल्या टायरांतली हवा कमी-जास्त करता येई. आमच्याकडे हे काम क्लीनर करी. ढुंगणावर बसून, तोंडाने आकडे मोजत.

जुना लष्करी टायर घेताना बहुतेक लोक नक्षी पाहतात आणि फसतात. लष्करी भांडारात पडून राहिलेल्या टायरची नक्षी नव्यासारखी असते, पण रबर वाळलेले असते. उस्ताद टायरचे गाल वाकवून भेगा पाहत, आत हात घालून थर सुटलेत का चाचपत, कडेची तार कुठे उघडी पडली आहे का ते बोटाने शोधत. हल्लीच्या टायरवर शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मामाच्या काळी ही सोय नव्हती. त्या वेळी जन्मपत्रिका बोटांनी वाचावी लागे.

आता तिसरा प्रश्न. बसवणार कोण?

मामाच्या गाडीचे चाक आजच्यासारखे नव्हते. दोन पराती पाठीला पाठ लावून ठेवाव्यात, तसे ते दोन भागांचे होते. एक भाग खाली ठेवायचा, त्यावर ट्यूबसकट टायर, वरून दुसरा भाग, आणि दोन्ही भाग नटांनी आवळायचे. पहारीची मारामार नाही, घणाचे घाव नाहीत. माळरानावर दोन शिपायांनी टायर बदलावा म्हणून केलेली ही युक्ती. पण तिच्यात एक मेख होती. चाकावर नटांची दोन कडी असत. आतल्या कड्याचे नट सोडले की चाक गाडीपासून सुटे होई. बाहेरच्या कड्याचे नट त्या दोन पराती एकत्र धरून ठेवत. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सोडणे म्हणजे काय, त्याचा हिशेब मी नंतर केला. चौरस इंचाला तीस पौंड हवा आणि तिच्या दाबाखाली चारशे चौरस इंच धरले, तरी बारा हजार पौंड होतात. पाच टनांहून अधिक जोर त्या पराती फाकवायला टपून बसलेला. म्हणून लष्कराने बाहेरचे नट लाल रंगवलेले असत. उस्तादांनी पहिल्याच दिवशी आम्हा पोरांना चाकापुढे उभे करून सांगितले होते, "लाल को हात नक्को, बेटे."

१९६२ चा दसरा आला. मी चौदा वर्षांचा होतो. खंडेनवमीला मामाने गाडी धुवायचे काम मला दिले. मी ती धुतली, पुसली, आणि मामाला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून सोलापूरहून आणलेल्या चंदेरी रंगाचा डबा उघडला. चारही चाके चकचकीत चंदेरी केली. नटांसकट. एकही नट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घालून गाडी उभी राहिली, तेव्हा अख्खे गाव म्हणाले, "वा!" मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. उस्ताद त्या दिवशी आपल्या गावी होते. पुढे त्यांना दमा जडला आणि ते कामावर आलेच नाहीत.

त्यांच्या जागी दिवाळीनंतर एक नवा क्लीनर आला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणू लागलो. तो दुसऱ्या ट्रकांवर काम केलेला, चलाख. त्याला मामाने सांगितले होते, "लाल नट सोडायचे नाहीत." मार्गशीर्षातल्या एका रात्री भुईमुगाची पोती घेऊन सोलापूरला निघालेली गाडी वाटेत थांबली. मागच्या चाकाची हवा हळूहळू उतरत होती. दादाने जॅक लावला, कंदील जवळ घेतला आणि लाल नट कुठे आहेत ते पाहिले. लाल नट कुठेच नव्हते. सगळे चंदेरी. त्याने बाहेरच्या कड्याला पाना लावला.

मी त्या रात्री गाडीत नव्हतो. आवाज अर्ध्या कोसावरच्या वस्तीत ऐकू गेला, असे मामा सांगे. सोलापूरच्या दवाखान्यात दादाचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला. तो अठरा वर्षांचा होता.

मामाने सगळा दोष आपल्या माथी घेतला. "मीच नीट सांगितलं नाही," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. माझे नाव त्याच्या तोंडून कधी आले नाही. मीही काही बोललो नाही. पुढच्या दसऱ्याला मी गाडी धुवायला गेलो, तर मामाने माझ्या हातात एक लहानसा डबा आणि दोन बोटांचा ब्रश ठेवला. डब्यात लाल रंग होता. मामा पाठ फिरवून झेंडूची फुले ओवायला बसला. मी चारही चाकांचे बाहेरचे नट एकेक करून रंगवले. आमच्यात त्या गोष्टीविषयी झालेले सगळे बोलणे एवढेच.

पुढे १९६९ साली मी हे दुकान टाकले आणि दादाला बोलावून घेतले. लोकांना वाटले, मी मोठ्या मनाचा. तो एका हाताने हिशेब लिही, गेज वाची, पोरांवर ओरडे. त्या काळापासून ट्रकांना लॉक रिंगच्या डिस्क होत्या आणि तीही साधी चीज नव्हे. गंजलेली किंवा नीट न बसलेली रिंग हवेच्या दाबाने सुटली तर कपाळ फोडते. दादाने दुकानाला शिस्त लावली. डिस्कचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा. टायरच्या आत शंखजिरे लावायचे, म्हणजे ट्यूब चिकटत नाही. ट्यूबला थोडी हवा देऊन गोल करायची, फ्लॅपला वळी पडू द्यायची नाही. रिंग चारी बाजूंनी खोबणीत बसली का ते पाहायचे. चाकाला साखळी गुंडाळायची, मगच हवा. आधी थोडी भरून थांबायचे, पुन्हा रिंग पाहायची. हवा भरताना चाकासमोर उभे राहायचे नाही. आणि सगळ्याच्या आधी, कुठल्याही चाकाला पाना लावण्याआधी, वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. आमच्या दुकानी शिकलेल्या पोरांना दादाचे "पिन!" हे ओरडणे झोपेतसुद्धा ऐकू येत असेल.

एकतीस वर्षे मी गप्प होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक निजलेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. आमच्या भिंतींना नुसत्या चिरा गेल्या, पण किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आम्ही दोघे जॅक, पहारी, हवेचा पंप टेम्पोत टाकून सास्तूरकडे गेलो. टायरवाल्याचा तिथे काय उपयोग, असे वाटले होते. उपयोग फार झाला. पाऊस लागला होता. मदतीच्या गाड्या काळ्या रानात रुतत होत्या. लष्कराच्या गाड्या तेवढ्या जात होत्या. सडकेचे टायर घातलेले, धान्याने भरलेले ट्रक जागोजाग बसले होते. आम्ही रात्रभर एकच काम केले. माल निम्मा उतरवायचा, चारी चाकांची हवा कमी करायची, चाकाखाली पाचट आणि दगड घालायचे, गाडी काढायची, सडकेवर आली की पंपाने हवा भरायची. दादा कंदील धरून आकडे सांगत होता.

पहाटे टेम्पोच्या फळीवर बसलो होतो. समोर गाव नव्हते. दगडांचे ढीग होते आणि त्यांच्यामध्ये चिता. अशा वेळी माणसाला आपल्या गप्प बसण्याची लाज वाटते. मी म्हटले, "दादा, त्या दसऱ्याला चाकं मी रंगवली होती."

तो काही वेळ चितांकडे पाहत राहिला. म्हणाला, "ठाऊक आहे. तुझ्या मामीनं त्याच साली सांगितलं."

"मग तू कधी..."

"रंग तू दिलास. पाना मी लावला. हवा काढून पाना लावला असता, तर नट निळे असते तरी काय बिघडलं असतं?" मग उठत म्हणाला, "चल, तो पिवळा ट्रक बघ. पुन्हा बसला."

त्याने मला माफ केले की नाही, ते मला त्या वाक्यातून नीट कळले नाही. अजूनही कळलेले नाही.

तर तो श्रावणातला तरुण. त्याचे रान काळे, पण गाडी निम्मा वेळ सडकेवर धावणार. म्हणून मोठ्यात मोठे टायर न घेता त्याच्या गाडीला कंपनीने नेमून दिलेल्याच मापाचे, मध्यम खोल नक्षीचे चार टायर आम्ही निवडले. चारींना सुतळी लावून पाहिली. तो जरासा हिरमुसला. लोक वळून पाहतील इतके ते मोठे नव्हते. मग त्याने बाह्या सरसावल्या, जुने चाक आडवे पाडले आणि पहार उचलली.

"पिन!" दादा ओरडला.

पोरगा दचकला. दादा स्टुलावरून उठला आणि डावा हात टेकत टेकत त्याच्याजवळ गेला. आता तो एक्याऐंशीचा आहे. उजव्या बाहीची घडी त्याने काखेत खोचली होती. पोराने एकदा त्या बाहीकडे पाहिले, मग मुकाट्याने बसून वॉल्व्हची पिन काढली. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. सगळी संपेपर्यंत आम्ही तिघेही तसेच थांबलो. मग पोराने पिन तळहातावर ठेवून दादाला दाखवली.

"हां," दादा म्हणाला. "आता लाव पहार."